आधी ऐका, मंग बसा

"आधी ऐका, मंग बसा," असं म्हणून हिवाळे हवालदार जीपच्या बॉनेटवर पंजा ठेवायचे आणि स्वतःच्याच गाडीचे दोष सांगायला लागायचे. "सेल्फ मेलेला हाये, धक्का द्यावा लागंल. डायनामो आजारी हाये, बॅटरीचा भरवसा न्हाई. दुसरा गिअर सुटतो, दांडी धरून बसावं लागतं. ब्रेक पहिल्या दाबात लागत न्हाई, दुसऱ्यात लागतो. रेडिएटर गळतो, हळद टाकली हाये. डावीकडं वळलं की हारन आपोआप वाजतो, भिऊ नका. आता ज्याला बसायचं त्यानं बसा. मागून तक्रार चालणार न्हाई."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी सरळ खाली उतरले होते. आष्टीच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. माहेर हसनाबादकडचं. शनिवारी शाळा सुटली की परतूर स्टेशनवर जाऊन जालन्याची रेल्वे गाठायची, आणि परतूरपर्यंत एस.टी. आली तर आली, नाही तर ही जीप. त्या दिवशी एस.टी. आली नाही. थोड्या वेळाने मी नाक मुठीत धरून पुन्हा जीपपाशी गेले.

"ऐकलं ना बराबर?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं."

"मंग दांडी धरा," ते म्हणाले, आणि दुसरा गिअर माझ्या हवाली केला.

सैन्यात ते साधे ड्रायव्हर होते. हवालदार त्यांना गावाने केलं. नोकरी संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली एक जीप त्यांनी लिलावात घेतली आणि आष्टी, परतूर, वाटूर अशी चालवायला लागले. उंच, हडकुळे, अंगात कायम खाकी शर्ट, आणि चेहऱ्यावर असा भाव, की समोरचा आत्ता काहीतरी चूक करणार आहे. पाटील मंडळींपैकी कोणी अजूनही "ए हिवाळ्या" अशी हाक मारायचं. त्या हाकेला जीप थांबत नसे. पुढच्या वेळी तो माणूस तावातावाने विचारायला आला की हिवाळे शांतपणे सांगायचे, "ब्रेक लागला न्हाई. म्या तर आधीच सांगितलं व्हतं."

त्या जीपमध्ये कधी निवांत गप्पा मारल्याचं मला आठवत नाही. कोणी तोंड उघडलं की हवालदार हात वर करायचे. "गप. ऐकू द्या." मग सगळे श्वास धरून इंजिनाचा आवाज ऐकायचे. कुणाला काही कळायचं नाही, पण हवालदारांच्या भुवया जवळ आल्या की सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा. पेट्रोलचा काटा केव्हाच बंद पडला होता, म्हणून टाकीत वेळूची काडी बुडवून ती उन्हात धरून पाहायचे. ती ओली कुठपर्यंत झाली ते कुणालाही सांगायचे नाहीत. मला याचा फार राग यायचा. एवढे सगळे दोष सांगणारा माणूस पेट्रोलचं तेवढं का लपवतो? एकदा विचारलं, तर म्हणाले, "दोष गाडीचा असतो, तो सांगायचा. पेट्रोल कमी असणं हा माझा दोष हाये. तो मी सांभाळीन."

खंडेनवमीला गावातल्या सगळ्या मोटारी, इंजिनं, नांगर, शिवणयंत्रं यांची पूजा व्हायची. हवालदारांच्या जीपची व्हायची नाही. "आम्ही दीक्षा घेतलेली मानसं. यंत्राला तेल पायजे, कुंकू न्हाई." जीप बंद पडली की मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास पुटपुटायचं, की नारळ फोडला असता तर ही वेळ आली नसती. हवालदार ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्यांचा नियम एकच होता. ज्यानं बसायचं त्यानं धक्का द्यायचा. लेकुरवाळी आणि आजारी माणसं सोडली तर कुणालाही माफी नव्हती. मराठा, माळी, मुसलमान, मारवाडी, बौद्ध, सगळे एका रांगेत जीपच्या पाठीला हात लावून रेटायचे. बाहेरून पाहणाऱ्याला यात गंमत वाटायची. आत बसणाऱ्यांना ठाऊक होतं, की हा नियम एक दिवस कुणाशी तरी भिडणार आहे.

तो भिडला वाटूरच्या फाट्यावर. पुढच्या सीटवर रंगराव पाटील बसले होते, मागे माझ्या शेजारी त्यांची आई, राधाकाकू. भर दुपारी जीप बंद पडली. सगळे उतरले. पाटील बसून राहिले. हवालदारांनी बिडी पेटवली आणि चाकाशी उकिडवे बसले.

"काय झालं?" पाटलांनी विचारलं.

"काय न्हाई. वाट पाहून राह्यलो."

"कुणाची? धक्का द्यायला मानसं हायेत की."

"एक कमी हाये."

फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिणारी माणसं कप तसेच धरून रस्त्यावर आली. पाटलांचे दोन गडी तिथेच कुठेतरी होते, तेही जवळ सरकले. त्या दिवसांत एवढ्याशा गोष्टीवरून बौद्धांच्या वस्त्यांवर दगड पडायचे, कडबे पेटायचे, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. हवालदार मात्र विझत आलेल्या बिडीकडे पाहत बसले.

तेवढ्यात राधाकाकू खाली उतरल्या. लुगड्याचा पदर त्यांनी कमरेला खोचला आणि जीपच्या मागे जाऊन दोन्ही हात लावले. "रंगा, तू बस," त्या म्हणाल्या. "मी ढकलते."

पाटील उतरले. कानापर्यंत लाल झाले होते, पण उतरले. जीप पहिल्याच धक्क्याला चालू झाली. कोणी हसलं नाही. हवालदारही हसले नाहीत.

पुढे एकदा मी त्यांना छेडलं. "पाटील उतरले नसते तर काय केलं असतं?"

"तिथंच राह्यलो असतो."

"आणि रात्री वस्तीवर कोणी आलं असतं म्हणजे?"

"बाई, भ्या वाटतं म्हणून तर नियम केला. नियम नसता तर रोज नव्यानं भ्यावं लागलं असतं."

या माणसाची एकुलती एक मुलगी, सुशीला, माझ्या वर्गात होती. बोलायला कमी, पण एकदा ठरवलं की हलायची नाही. वडिलांना ती दादा म्हणायची. मॅट्रिक झाल्यावर मीच तिचा अर्ज जालन्याला पाठवला होता. तिथे एका दवाखान्याला जोडून नर्सिंगची शाळा होती. तिची निवड झाली. पत्र मात्र उशिरा हातात पडलं, आणि त्यात लिहिलं होतं, की दसऱ्यानंतरच्या सोमवारी ऑफिस बंद व्हायच्या आत हजर व्हा, नाही तर जागा पुढच्या मुलीला दिली जाईल. सोमवार उद्यावर आला होता.

"परतूरहून सकाळची रेल्वे आहे," मी म्हटलं. "मी रजा टाकते, तिला घेऊन जाते."

"माझी पोरगी माझ्या गाडीत जाईल," हवालदार म्हणाले.

"अहो, त्या गाडीत? जालन्यापर्यंत? तुम्हीच तर सांगता काय काय बिघडलंय ते!"

"सांगतो म्हणूनच चालवतो."

माझं डोकं फिरलं. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आणि हा माणूस हट्टाला पेटलाय. मी ताडताड बोलले. बापाची मिजास मुलीला भोवेल, असंही म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "माझी माय आजारी व्हती तवा गावातली एक बैलगाडी परतूरला चालली व्हती. रिकामी. पण आमाला बसू दिलं न्हाई. माय गाडीमागं चालत गेल्ती. म्या तिचा पदर धरून व्हतो. गाडी समद्या वाटंनं रिकामी व्हती, बाई."

मीही त्यांच्याबरोबर जायचं ठरलं. मनात मात्र मी म्हटलं, परतूरपर्यंत जाऊ तर खरं, तिथे रेल्वे दिसली की पोरीला ओढून डब्यात बसवते.

सोमवारी सकाळी मी बौद्धवाड्यात पोहोचले तर तिथे गर्दी. जीप धुऊन उभी, सुशीला नव्या साडीत, आणि समोरून राधाकाकू येत होत्या. हातात आरतीचं ताट, त्यात पाण्याचा तांब्या, खांद्यावर झेंडूचा हा जाड हार. काकू त्या वस्तीत आजवर कधी आल्या नव्हत्या. आल्या त्या कुणाला न विचारता आल्या. सगळे बाजूला झाले.

"पोरगी शिकायला चालली," त्या म्हणाल्या. "गाडीला ओवाळल्याबिगर जाऊ नका."

मी हवालदारांकडे पाहिलं. यंत्राला कुंकू नको म्हणणारा हा माणूस गप्प उभा होता. काकूंनी जीपला कुंकू लावलं. हार पुढच्या जाळीवर आडवा उभा असा भरगच्च बांधला. मग तांब्या उचलला आणि आख्खा बॉनेटवर रिता केला. फटीतून पाणी आत जाताना हवालदारांनी पाहिलं. मीही पाहिलं. त्यांचा हात अर्धा वर आला आणि खाली गेला. काकूंनी सुशीलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि डोळे पुसत निघून गेल्या.

मग जी व्हायची तीच गत झाली. सारी वस्ती धक्का देऊन दमली, जीप खोकलीसुद्धा नाही. हवालदारांनी बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, त्यात पाणी. रुमालाने पुसलं, प्लग काढून उन्हात ठेवले, पुन्हा बसवले. ऊन चढत होतं. जीप चालू झाली आणि आम्ही परतूरला पोहोचलो तेव्हा फलाट रिकामा होता.

वाटूरला जालन्याची एस.टी. उभी दिसली. खचाखच भरलेली, पण निघण्याच्या बेतात. मी ओरडले, "थांबवा! सुशीलाला आणि मला सोडा, आम्ही उभ्याने जातो."

हवालदारांनी जीप थांबवली. समोर पाहत म्हणाले, "तिला विचारा."

सुशीला पुढच्या सीटवर दुसऱ्या गिअरची दांडी धरून बसली होती. तिने बसकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "नको, बाई. दादाची गाडी बराबर चालू हाये."

एस.टी. गेली. जालन्याचा रस्ता लागला आणि थोड्याच वेळात जळकट वास यायला लागला. हवालदारांनी हात वर केला. आम्ही दोघी गप्पच होतो. बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी वाफ उसळली आणि जीप थांबली.

कारण आंधळ्यालाही दिसलं असतं. जाळीवर तो हार. आधीच क्षाराने भरलेला, हळदीने बुजवलेला रेडिएटर, आणि त्याच्या तोंडावर काकूंचे झेंडू. वाराच आत जात नव्हता.

"काढा तो हार!" मी म्हटलं.

हवालदार हलले नाहीत. "काकूंनी बांधला हाये."

"अहो, काकू इथे आहेत का बघायला?"

"कोन पाहून राह्यलं म्हणून न्हाई, बाई. ती बाई आमच्या दारात आली. आजवर कुनी आलं न्हाई. तिचा हार म्या कोनत्या हातानं काढू?"

मी कपाळावर हात मारला. सकाळी वस्तीतून निघतानाच त्यांना कळलेलं असणार, की हा हार गाडीला मारणार आहे. कळूनही ते तो बांधलेला ठेवून इथवर आले होते. ज्या माणसाने पाटलाला भर फाट्यावर खाली उतरवलं, तो झेंडूच्या फुलांपुढे हतबल झाला होता.

सुशीला उतरली. तिने दोऱ्याची गाठ दातांनी तोडली, हार काढला, नीट घडी करून आपल्या पत्र्याच्या पेटीवर ठेवला. "काकूला मी सांगीन," ती म्हणाली. "पाणी पाहा, दादा."

वाफेने हात भाजून घेत हवालदारांनी रेडिएटरचं झाकण उघडलं. आत ठणठणाट. गाडीतल्या डब्यात होतं तेवढं पाणी पुरलं नाही. रस्त्यालगत कपाशीचं शेत होतं, कडेला विहीर, आणि विहिरीवर धोतर नेसलेला एक शेतकरी उभा. मी डबा उचलला. "द्या इकडे, मी आणते."

माझ्या हातून डबा काढून घेत ते म्हणाले, "तुमी नका मागू, बाई. तुमी मागितलं तर तुमाला देतील. मी मागतो."

आम्ही तिघंही गेलो. शेतकऱ्याने वरून खाली पाहिलं. "कुठले?"

"आष्टीचा."

"कोनापैकी?"

हवालदारांना खोटं बोलता आलं असतं. नुसतं गप्प राहिले असते तरी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. "हिवाळे," ते म्हणाले. "बौद्धवाड्यातला. पोरीला जालन्याला नर्सिंगला घेऊन चाललो. गाडीला पाणी पायजे."

तो माणूस दुष्ट नव्हता. चेहऱ्यावरून तर बिलकुल नव्हता. तो जरासा अवघडला, बादली आपल्याकडे ओढून घेतली आणि म्हणाला, "मी शेंदून देतो. तिकडं खाली उभे राहा. डबा खाली धरा. मी वरून ओततो."

मी काही बोलणार होते. मला वाटलं, आता हवालदार डबा फेकून देतील. फेकला असता तर मला आनंदच झाला असता. आणि सुशीलाची जागा गेली असती. सूर्य पुरता कलला होता. सुशीलाने बापाला कसलीही खूण केली नाही, नुसती उभी राहिली.

हवालदार दोन पावलं खाली उतरले, वाकले, आणि त्यांनी डबा दोन्ही हातांनी पुढे धरला. पाणी वरून पडत राहिलं. त्यांच्या भाजलेल्या हातावरून, मनगटावरून ओघळत राहिलं. त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि मग मला तो पाहवला नाही.

पाणी भरल्यावर धक्का हवा होता. तो शेतकरी न बोलावता आला, शेतात कापूस वेचणाऱ्या दोन बायाही आल्या. जीपला त्याने खुशाल हात लावला, आमच्या खांद्याला खांदा लावून घाम गाळून रेटली. लोखंडाला विटाळ नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. जीप चालू झाल्यावर तो हसून म्हणाला, "जल्दी जा, पोरीला उशीर व्हईल." हवालदारांनी मान हलवली.

आता इंजिन बंद करून चालणार नव्हतं. बॅटरी पार उतरली होती, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की जीप थरथरून मरायला बघायची. दवाखान्याच्या फाटकाशी त्यांनी एक पाय ब्रेकवर आणि टाच ॲक्सिलरेटरवर ठेवून आम्हाला म्हटलं, "पळा." आम्ही पळालो. डावीकडे वळून थांबल्यामुळे मागे हॉर्न एकसारखा ठणाणा करत होता.

ऑफिसातले कारकून खिडकी लावून घेत होते. सुशीलाचं पत्र पाहून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्या साडीकडे. साडीला ग्रीस लागलं होतं. "पालक कुठायत?"

"मी तिची शिक्षिका," मी म्हणाले.

"शिक्षिका चालत नाही. वडील नाहीत का?"

"आहेत. फाटकावर."

"मग बोलवा. मी काही इथे रात्रभर बसणार नाही."

मी तशीच धापा टाकत फाटकाकडे गेले. "तुम्हाला बोलावलंय. सही हवी तुमची."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्टिअरिंगकडे. नंतर हात पुढे केला आणि चावी फिरवली. इंजिन बंद झालं. हॉर्नही बंद झाला. ते उतरले, चाकाखाली दगड लावला, शर्टाच्या बाह्या खाली ओढून भाजलेल्या हातावर बटणं लावली आणि आत गेले.

सही करायला त्यांना वेळ लागला. बोटं सुजली होती. कारकुनांनी कागद फिरवून पाहिला, शिक्का मारला आणि म्हणाले, "झालं. पोरीला वसतिगृहात जाऊ द्या." एवढंच. सुशीला वाकून बापाच्या पाया पडायला गेली तर त्यांनी तिला मध्येच धरलं. "रडायचं न्हाई. जा." ती गेली, पेटी उचलून, मागे न बघता. व्हरांडा संपतो तिथे मात्र एकदा थांबली होती.

बाहेर आल्यावर मला वाटलं, हे आता खाली बसतील. दिवसभर पोटात अन्न नव्हतं, पाण्याचा घोट नव्हता. त्या विहिरीचं पाणी त्यांनी गाडीला घातलं, स्वतः प्यायले नव्हते. पण ते फाटकाशी घुटमळत राहिले.

"बाई, आत पाण्याचं काय हाये?"

"म्हणजे?"

"पोरीला. पाणी कसं देत्यात तितं?"

"व्हरांड्यात नळ आहे," मी म्हणाले. "सगळ्या मुलींना तोच."

"तुमी पाहिला?"

"पाहिला."

"म्या बी पाहून येतो," ते म्हणाले.

त्या दिवाळीनंतर माझी बदली झाली आणि पुन्हा आष्टीला जाणं झालं नाही. हवालदार आजही डोळ्यांसमोर येतात ते त्या संध्याकाळचे, फाटकातून दिसलेले. ते व्हरांड्यात गेले, नळ स्वतःच्या हाताने सोडला, ओंजळ धरली आणि प्यायले. मग तोंड पुसलं, थोडं थांबले, आणि पुन्हा वाकून प्यायले. त्यांच्या मागे पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी तांब्या घेऊन आली होती. ती आपली पाळी येण्याची वाट बघत उभी होती.